डॉकर स्टॉपला मोजून दहा सेकंद का लागतात?

रात्रपाळी | मंगळवार, २३:४२

मंडळी, तीन दिवस डोकं धरून बसलोय. आमची एक पायथॉन सर्व्हिस डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून वेगळ्या, बंद डब्यात) चालते. रांगेतून काम उचलायचं, ग्राहकाला एसएमएस पाठवायचा, मग डेटाबेसमध्ये 'पाठवला' अशी खूण करायची. एवढंच तिचं काम. सिगटर्म ('बंद हो' असा सिग्नल) किंवा कंट्रोल-सीचा सिगइंट आला तर हातातलं काम पुरं करून मगच बाहेर पडायचं, असा हँडलर (सिग्नल आला की चालणारा कोड) मी स्वतः लिहिलाय. त्यातली पहिलीच ओळ लॉगची आहे: 'निरोप मिळाला, आवरतो'.

लॅपटॉपवर झकास चालतं. कंट्रोल-सी दाबा किंवा दुसऱ्या खिडकीतून किल करा, ओळ दिसते. सर्व्हरवर डॉकर स्टॉप केलं की कंटेनर ढिम्म. मोजून दहा सेकंद, मग बंद. लॉगमध्ये ती ओळ नाही. एक्झिट कोड १३७. आणि दर डिप्लॉयला, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना, दोन-चार ग्राहकांना एकच एसएमएस दोनदा जातो, मग सपोर्टवाले माझ्या नावाने शंख करतात.

साहेब म्हणाले, वेळ वाढव. टाइमआउट ६० केला. आता मोजून साठ सेकंद लागतात.

पायथॉनमध्ये सिग्नल नीट चालत नाहीत असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का?

---

गावठी लिनक्सवाला | मंगळवार, २३:५८

किल -९, आणि चहा. आमच्याकडे बारा वर्षं हीच पद्धत आहे.

(हलकं घ्या.)

---

तिसरी घंटा | बुधवार, ०६:१५

पायथॉनला बोल लावू नका, बिचाऱ्याला निरोप पोचलेलाच नाही.

१३७ हा आकडा फोडा: १२८ अधिक ९. प्रोसेस सिग्नलने मेली की १२८ मध्ये त्या सिग्नलचा नंबर मिळवून सांगायची शेलची जुनी रीत आहे, डॉकरने तीच उचलली. नऊ म्हणजे सिगकिल, न विचारता मारणारा. सिगटर्मने मेली असती तर १४३ दिसले असते. डॉकर स्टॉप आधी सिगटर्म पाठवतो, १० सेकंद वाट बघतो, तरी प्रोसेस जिवंत दिसली तर सिगकिल. म्हणजे तुमची मुदत दर वेळी पूर्ण संपते आहे. साहेबांनी ती नुसती लांबवली.

आता दोन गोष्टी सांगा. कंटेनर कशाने सुरू होतो? आणि आत पीएस (चालू प्रोसेसची यादी) केलं तर १ नंबरची प्रोसेस कोणती दिसते?

(कमांडी देवनागरीत लिहितोय. कोणी तशाच टर्मिनलवर चिकटवू नका, मागे एका धाग्यावर एकाने हे केलं होतं.)

---

रात्रपाळी | बुधवार, १०:३०

काका, एंट्रीपॉइंटला स्टार्ट डॉट एसएच नावाची स्क्रिप्ट आहे. ती दोन-चार व्हेरिएबल सेट करते, डेटाबेसचं मायग्रेशन चालवते आणि शेवटच्या ओळीत पायथॉन सुरू करते. पीएसमध्ये १ नंबरला एसएच, ७ नंबरला पायथॉन.

---

तिसरी घंटा | बुधवार, ११:०५

चोर सापडला. डॉकर निरोप देतो तो फक्त १ नंबरला. तिथे बसलाय शेल. तो पायथॉन संपायची वाट बघत बसलेला असतो, आणि आपल्याला आलेला सिग्नल पोराला पुढे द्यायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. शेल आपणहून सिग्नल पुढे पाठवत नाही.

मग तुम्ही विचाराल, सिगटर्मने निदान शेल तरी मरायला हवा होता. एरवी मेलाही असता. पण १ नंबरच्या प्रोसेसला कर्नल वेगळी वागणूक देतो. ती इनिट, सगळ्यांची मूळ प्रोसेस. ती गेली तर सगळा संसारच गेला, म्हणून ज्या सिग्नलसाठी तिने स्वतः हँडलर लावलेला नाही, तो सिग्नल कर्नल तिच्या बाबतीत सरळ टाकून देतो. कंटेनर म्हणजे स्वतंत्र पीआयडी नेमस्पेस (प्रोसेस नंबरांचं वेगळं जग), आणि त्यातल्या १ नंबरलाही हेच कवच मिळतं. बाहेरच्या नेमस्पेसमधून आलेले सिगकिल आणि सिगस्टॉप तेवढे कवच भेदतात.

थोडक्यात, शेलने सिगटर्म ऐकला नाही, पायथॉनला तो मिळालाच नाही. दहा सेकंदांनी सिगकिलने शेल गेला, आणि नेमस्पेसचा १ नंबर गेला की आतल्या उरलेल्या सगळ्यांना कर्नल सिगकिलनेच उडवतो. तुमचं पायथॉन त्या फटक्यात गेलं. एसएमएस गेलेला, खूण राहिलेली.

उपाय एका शब्दाचा. शेवटच्या ओळीत पायथॉनच्या आधी एक्झेक लिहा. मग शेल नवी प्रोसेस काढत नाही, स्वतःच्याच जागी पायथॉन बसवतो. नंबर तोच १, आत माणूस वेगळा.

---

उंबरठा | बुधवार, ११:२०

पण मग लॅपटॉपवर का चालत होतं? मीही तिथे अशाच स्क्रिप्टमधून चालवते आणि कंट्रोल-सी बरोबर लागतो.

---

तिसरी घंटा | बुधवार, ११:४१

चांगला प्रश्न. कंट्रोल-सी हे किल नव्हे. ते दाबल्यावर टर्मिनलचा ड्रायव्हर सिगइंट पाठवतो, आणि पाठवतो तो समोर चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला. शेलच्या स्क्रिप्टलाही आणि तिच्या पोटातल्या पायथॉनलाही. पंगतीला वाढल्यासारखं, सगळ्यांच्या पानात. किल मात्र ज्याचा नंबर दिला त्याच्या एकट्याच्या पानात वाढतं. डॉकर स्टॉप हे दुसऱ्या जातीचं. म्हणून 'कंट्रोल-सीने चालतं' ही चाचणीच नाही.

---

रात्रपाळी | बुधवार, १५:१०

काका, साष्टांग! एक्झेक टाकलं आणि 'निरोप मिळाला, आवरतो' ओळ पहिल्याच सेकंदाला दिसली. तीन दिवस गेले हो माझे या एका शब्दात.

पण एक कळेना. ओळ लगेच दिसते, बंद व्हायला मात्र कधी २ सेकंद, कधी १८. हातात काम नसतानासुद्धा.

---

भाजणीचं थालीपीठ | बुधवार, १५:३८

हँडलरमध्ये नक्की काय करताय? आणि रांगेतून काम कसं उचलताय?

बाकी वाचनमात्रांसाठी: कोणती प्रोसेस कोणता सिग्नल पकडते हे अंदाजाने सांगायची गरज नाही. प्रॉकमध्ये (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो त्या फोल्डरात) त्या नंबरच्या फोल्डरात स्टेटस नावाची फाइल असते. त्यात 'सिगसीजीटी' अशी ओळ बघा, म्हणजे पकडलेले सिग्नल. शेजारी अडवलेल्यांची आणि दुर्लक्षिलेल्यांचीही ओळ असते. आकडा हेक्साडेसिमल, प्रत्येक सिग्नलला एक बिट. पायथॉनच्या ओळीत शेवटी ४००२ दिसलं, तर ४००० हा पंधरावा बिट म्हणजे सिगटर्म, आणि २ हा दुसरा बिट म्हणजे सिगइंट. शेलच्या ओळीत पंधरावा बिट शून्य दिसला असता आणि तीन दिवसांचं काम तीन मिनिटांत झालं असतं.

---

रात्रपाळी | बुधवार, १६:०२

ताई, हँडलरमध्ये लॉगची ओळ, आणि 'थांबायचंय' हा झेंडा खरा करतो. मुख्य लूप प्रत्येक कामानंतर झेंडा बघतो. रांगेवर लाँग पोल आहे, काम नसेल तर २० सेकंद वाट बघतो.

---

भाजणीचं थालीपीठ | बुधवार, १६:४५

तिथेच आहे. प्रोसेस सिस्टिम कॉलमध्ये झोपलेली असताना सिग्नल आला, तर युनिक्सची मूळ चाल अशी की कॉल अर्धवट सोडून 'मध्येच व्यत्यय आला' असा एरर परत येतो, ईइंटर नावाचा. सी लिहिणाऱ्यांनी तो जन्मभर भोगलाय. रीडला तो आला की पुन्हा रीड करा, विसरलात तर महिन्यातून एकदा रात्री तीनला काहीतरी पडणार. हँडलर लावताना (सिगॲक्शन) एसए-रीस्टार्ट हा पर्याय दिला तर काही कॉल कर्नल स्वतःच पुन्हा सुरू करतो, पण सगळे नाही, आणि कोणते नाहीत ते मॅन्युअल उघडून बघावं लागतं.

पायथॉनवाल्यांनी २०१५ मध्ये, ३.५ पासून, ही कटकट पोटात घेतली. हँडलर चालवायचा, त्याने एक्सेप्शन फेकलं नाही तर तोच कॉल उरलेल्या वेळेसाठी पुन्हा लावायचा. सोय मोठी, पण तुमचा झेंडा वर जातो आणि प्रोसेस पुन्हा त्याच वीस सेकंदांच्या झोपेत जाते. म्हणून कधी २, कधी १८. लाँग पोल ५ वर आणा, काम झालं.

आणि लॉगची ओळ हँडलरमधून काढून लूपमध्ये न्या. पायथॉनमध्ये हँडलर दोन सूचनांच्या मध्ये, मुख्य थ्रेडवर चालतो, त्यामुळे सीसारखा घात होत नाही. तरी मुख्य कोड त्याच फाइलच्या बफरमध्ये लिहीत असताना हँडलरनेही तिथेच लिहायला घेतलं, तर 'रीएंट्रंट कॉल' म्हणून एक्सेप्शन येऊ शकतं. हँडलरने झेंडा लावावा आणि घरी जावं.

---

पावसाळी कुंपण | बुधवार, १७:२०

सीसारखा घात म्हणजे काय? कॉलेजात आम्हाला हँडलरमध्ये प्रिंटएफ लिहूनच शिकवलं. परीक्षेतही तेच लिहिलं, गुणही मिळाले.

---

भाजणीचं थालीपीठ | बुधवार, १८:०५

बसा, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

सिग्नल कधी येईल ते तुमच्या हातात नाही. समजा तुमचा कोड मॅलॉकच्या (मेमरी मागायच्या फंक्शनच्या) आत आहे, मोकळ्या मेमरीची यादी अर्धी सोडवून अर्धी जोडायची आहे. त्याच क्षणी सिग्नल. कर्नल प्रोसेसच्या स्टॅकवर एक चौकट रचतो, हँडलर चालू होतो. हँडलरमध्ये प्रिंटएफ, तो बफरसाठी पुन्हा मॅलॉककडे जाऊ शकतो. मॅलॉक बघतो तर यादी अर्धवट, किंवा कुलूप आधीच लावलेलं. लावलं कोणी? आपणच. आणि आपण परत गेल्याशिवाय ते उघडणार नाही. स्वयंपाक करताना एका हाताने कढई, दुसऱ्या हातात झारा, आणि कोणीतरी म्हणतं तीच कढई घासायला द्या.

म्हणून पॉझिक्समध्ये हँडलरमधून बोलवायला चालणाऱ्या फंक्शनांची यादीच दिलेली आहे. राइट आहे, अंडरस्कोर-एक्झिट आहे. प्रिंटएफ, मॅलॉक, सिसलॉग नाहीत.

हे पुस्तकी वाटत असेल तर ओपनएसएसएचचं (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या प्रोग्रामचं) उदाहरण घ्या. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेला रीग्रेसश नावाचा दोष, सीव्हीई २०२४-६३८७. लॉगिनसाठी १२० सेकंदांची मुदत असते. ती संपली की एसएसएचडीला (त्याच्या सर्व्हरला) सिगअलार्म येतो, आणि त्याचा हँडलर सिसलॉगला बोलवायचा. जीलिबसीमध्ये (लिनक्सच्या सी लायब्ररीत) सिसलॉग आतून मॅलॉक आणि फ्रीकडे जातो. मुदत नेमकी मॅलॉकच्या मध्यात संपेल अशी वेळ साधली की हीप, म्हणजे मॅलॉकची मेमरी, अर्धवट सापडते, आणि तिथून थेट रूट, पासवर्डशिवाय. क्वालिसच्या प्रयोगात ३२ बिट लिनक्सवर ही वेळ जुळायला सरासरी १०,००० च्या आसपास प्रयत्न लागले. आकडा मोठा वाटतो, मशीनला तो काही तासांचा खेळ आहे.

जीव जळतो तो पुढच्या गोष्टीने. हाच दोष २००६ मध्ये सापडून दुरुस्त झाला होता. ८.५ आवृत्तीत लॉगिंगचा कोड आवरताना ती दुरुस्ती चुकून निघाली, आणि ९.८ येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. ओपनबीएसडी मात्र सुटला, कारण त्यांच्या हँडलरमध्ये सिसलॉगची वेगळी, सिग्नलमध्ये चालणारी आवृत्ती होती, ती त्यांनी २००१ मध्येच बनवलेली.

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

---

पावसाळी कुंपण | बुधवार, १८:१२

:हताश: वाचनखूण साठवली.

---

गावठी लिनक्सवाला | बुधवार, २१:३०

म्हणूनच म्हणतो, किल -९. हँडलर नको, कढई नको.

---

उंबरठा | बुधवार, २१:४४

पोस्टग्रेसवर करून बघा एकदा.

---

गावठी लिनक्सवाला | बुधवार, २१:५०

केलंय. :डोळा मारणारा: एक क्वेरी अर्धा तास अडकली होती, तिच्या बॅकएंड प्रोसेसला -९ दिला. दुसऱ्या सेकंदाला ऑफिसातल्या सगळ्यांची कनेक्शनं तुटली. झालं असं की एक बॅकएंड असा अचानक मेला की पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) म्हणतो, सामायिक मेमरीत हा काय अर्धवट करून गेला देव जाणे. मग तो बाकीच्या सगळ्यांना बाहेर काढतो आणि लॉगवरून रिकव्हरी करून नव्याने सुरू होतो. डेटा गेला नाही, अब्रू गेली. त्याला साधा सिगइंट दिला असता तर फक्त ती क्वेरी रद्द झाली असती. हे मला नंतर, मान खाली घालून उभा असताना, कळलं.

तेव्हापासून डेटाबेस सोडून बाकी सगळ्यांना -९.

---

तिसरी घंटा | गुरुवार, ०६:२०

नऊ नंबरवर तुमची एवढी श्रद्धा आहे म्हणून सांगतो, तोही सगळ्यांना लागू पडत नाही.

सिग्नल म्हणजे गोळी नाही. कर्नल फक्त त्या प्रोसेसच्या खात्यात एक खूण करतो. अंमल होतो प्रोसेस कर्नलमधून आपल्या कोडकडे परत निघताना, किंवा ती उठवता येईल अशा झोपेत असेल तर तिला उठवून. पीएसमध्ये डी अशी अवस्था दिसली तर ती न उठवता येणाऱ्या झोपेत आहे. बहुधा डिस्कची किंवा एनएफएसची (नेटवर्कवरच्या फाइलींची) वाट बघत. त्या काळात नऊ दिला तरी तो खात्यात पडून राहतो. एनएफएसचा सर्व्हर गेला आणि माउंट हार्ड (सर्व्हर परत येईपर्यंत थांबणारा) असेल, तर पूर्वी रीबूटशिवाय गत्यंतर नसायचं. मी स्वतः रविवारी दुपारी जेवणावरून उठून गेलोय. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून 'मारण्यापुरती उठवता येईल' अशी मधली झोप आली आणि एनएफएस ती वापरतो, त्यामुळे हे दुखणं आता बरंच कमी झालंय.

दुसरी गंमत झॉम्बी. मेलेल्याला पुन्हा मारताय. तो आधीच गेलाय, फक्त आई-बापाने वेट करून त्याचा एक्झिट कोड उचललेला नाही, म्हणून प्रोसेसच्या यादीत नाव उरलंय. नोटीस द्यायची तर बापाला.

यावरून रात्रपाळी, तुमच्यासाठी: पायथॉन आता १ नंबरला आहे, म्हणजे अनाथ झालेली प्रोसेस त्याच्याच गळ्यात पडणार, आणि पायथॉन काही आपणहून त्यांना वेट करत नाही. तुमची सर्व्हिस बाहेरच्या कमांडी चालवत असेल, तर डॉकर रनला डॅश-डॅश-इनिट द्या. तो टिनी नावाचा छोटा इनिट १ नंबरला बसवतो. तो सिग्नल पुढे देतो आणि मेलेलेही उचलतो.

---

सायंशाखा | गुरुवार, ०९:१५

इथे एक भर. मेलेली पोरं उचलताना एका सिगचाइल्डला (पोर मेल्याच्या सिग्नलला) एक वेट असा हिशेब ठेवू नका. तीन पोरं एकदम मेली तरी सिग्नल एकदाच येऊ शकतो, कारण खात्यात बिट एकच, तो आधीच लागलेला. हँडलरने 'आणखी कोणी उरलंय का' असं न अडकता विचारत, नाही म्हणेपर्यंत उचलत राहायचं. मी सिगयूजर-वन (आपल्या मर्जीने वापरायचा सिग्नल) मोजून कामं मोजायचा पराक्रम केला होता. शंभर पाठवले, मोजले गेले साठ-सत्तर, दर वेळी वेगळे.

रिअल-टाइम सिग्नल मात्र रांगेत राहतात, आणि सोबत एक आकडाही नेतात.

---

उंबरठा | गुरुवार, १३:००

अवांतर: सिगयूजर-वनवरून आठवलं. लिनक्सवर डीडीला (डिस्क कॉपी करायच्या कमांडीला) तो दिला की किती कॉपी झालं ते छापतो, म्हणून माझ्या बोटांना सवय. मॅकवर चार तास चाललेल्या डीडीला दिला. तिथे डीडी तो पकडत नाही, आणि न पकडलेल्या सिगयूजर-वनचा अर्थ मरण. चार तास गेले. तिथे नुसतं कंट्रोल-टी दाबायचं असतं.

---

तिसरी घंटा | गुरुवार, १३:२५

अवांतरात माझंही. लिनक्सवर किलऑल म्हणजे नाव देऊन मारा. सोलारिसवर किलऑल म्हणजे, नावाप्रमाणेच, सगळ्यांना मारा. लिनक्सवरून नव्याने आलेला एक मुलगा आमच्याकडे होता... पुढचं सांगत नाही.

---

रात्रपाळी | गुरुवार, २३:१०

लाँग पोल ५ वर, लॉग लूपमध्ये, डॅश-डॅश-इनिट लावलं. सर्व्हिस आता जास्तीत जास्त ६ सेकंदांत बंद होते.

दुसरा कंटेनर उरलाय. त्यात बॅशचा लूप आहे: एक स्क्रिप्ट चालवा, स्लीप ३००, परत पहिल्यापासून. ट्रॅप (बॅशचा हँडलर) लावलाय सिगटर्मला, बॅशच १ नंबरला आहे, ट्रॅप असल्याने कवचाचाही प्रश्न नाही. तरी १३७.

---

सायंशाखा | गुरुवार, २३:३१

बॅश समोरची कमांड संपेपर्यंत ट्रॅप चालवत नाही. सिग्नल मिळालाय, पण स्लीप संपायची वाट बघतोय. स्लीप मागे टाका, म्हणजे शेवटी अँडचं चिन्ह, आणि पुढच्या ओळीत वेट लिहा. वेट हा बॅशच्या घरचा, सिग्नल आला की लगेच परत येतो आणि ट्रॅप चालतो.

---

रात्रपाळी | शनिवार, १२:१५

बॅशचं झालं. कालचा डिप्लॉय निर्विघ्न, एकही एसएमएस दोनदा नाही.

आणि मग आज पहाटे, डिप्लॉय नसताना, तीन ग्राहकांना दोनदा. एक्झिट कोड पुन्हा १३७! स्टॉप कोणीच केलेलं नाही.

---

भाजणीचं थालीपीठ | शनिवार, १२:४०

मेमरी संपली असणार. ओओएम किलरही (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) सिगकिलच पाठवतो. डॉकर इन्स्पेक्टमध्ये 'ओओएमकिल्ड' खरं दिसतंय का बघा, आणि होस्टवर डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा, तिथे कोणाला मारलं त्याचं नाव असतं.

आणि सिगकिलपुढे तुमचा हँडलर शून्य आहे. तो पकडता येत नाही, अडवता येत नाही, दुर्लक्षिता येत नाही. असे दोनच आहेत, सिगकिल आणि सिगस्टॉप. एसएमएस पाठवणं आणि खूण करणं यांच्यामध्ये जी फट आहे ती सिगटर्म पकडून अरुंद झाली, बुजली नाही. तुमचा एसएमएस गेटवे आपण दिलेला विनंती क्रमांक लक्षात ठेवतो का? ठेवत असेल तर कामाचाच आयडी त्याला द्या, दुसऱ्यांदा गेला तर तो नाकारेल.

---

रात्रपाळी | शनिवार, १४:०५

ओओएमकिल्ड खरं आहे. डीमेसेजमध्ये पायथॉनचं नाव. गेटवेच्या कागदपत्रांत असं एक फील्ड आहे, आम्ही त्यात दर वेळी नवा रँडम क्रमांक भरत होतो. :डोकं आपटणे:

सोमवारी बदलतो. साहेबांच्या ६० सेकंदांचं काय करू, १० वर आणू का?

---

तिसरी घंटा | शनिवार, १४:२०

एक काम पुरं व्हायला जास्तीत जास्त किती लागतं ते आधी मोजा. लाँग पोलचे ५, अधिक ते काम, अधिक थोडी उसंत. १० मध्ये बसत नसेल तर २० ठेवा. पुढे कधी कुबरनेटीजवर (बऱ्याच मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) गेलात तर तिथे न सांगता ३० मिळतात, पण त्यातच प्री-स्टॉप हुकचा (बंद करण्याआधी चालणाऱ्या कामाचा) वेळही मोजला जातो, हे विसरू नका.